आधी कागद, मग पाना

गाडी ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. पहाटेच्या पाळीला एमआयडीसीत पोचणारा कामगार, रुग्णालयात रात्रपाळी करणारी परिचारिका, दोन गावे ओलांडून शाळेत जाणारी शिक्षिका, पाठीवर पार्सलचे ओझे घेऊन फिरणारा तरुण, हप्त्यावर रिक्षा घेऊन घर चालविणारा बंधू, या सर्वांची भाकरी आज दोन किंवा तीन चाकांवर फिरते आहे. चाक थांबले की त्या दिवसाची कमाई थांबते. हप्ता मात्र थांबत नाही.

नेमकी हीच घाई अप्रामाणिक गॅरेजवाल्याचे भांडवल असते. पावशेर मिरची घेताना आपण चार ठिकाणी भाव विचारतो. मुलीचा फ्रॉक घेताना कापड उलटेपालटे करून पाहतो. पण गॅरेजमध्ये चार-पाच हजारांचे काम करून घेताना मात्र आपण म्हणतो, "मेस्त्री, बघा काय ते. संध्याकाळी नेतो." एवढे म्हणून किल्ली हातात देतो. काय बिघडले, काय बदलणार, किती लागणार, यांपैकी एकही गोष्ट कागदावर नसते. संध्याकाळी एका चिठ्ठीवर आकडा लिहून मिळतो आणि तो आपण मुकाट्याने भरतो. घरी आल्यावर दोन दिवस चडफडतो, आणि मग "जाऊ दे, मेस्त्रीशी कोण भांडणार" म्हणून गप्प बसतो.

आम्ही व्यवसायाने कारकून आहोत. वाणिज्य शाखेत शिकलो, त्यामुळे जमाखर्चाचा एक साधा नियम आमच्या हाडीमाशी भिनला आहे. ज्या खर्चाला व्हाउचर नाही, तो खर्च मंजूर होत नाही. कार्यालयात पाच रुपयांच्या टाचण्यांना पावती लागते आणि घरच्या पाच हजारांना लागत नाही, हे उलटे गणित आहे. वस्तीतील अनेक बंधू-भगिनी गॅरेजची तक्रार घेऊन आमच्याकडे येतात तेव्हा आमचा पहिला प्रश्न असतो, "कागद काय आहे?" आणि बहुतेक वेळा उत्तर येते, "कागद नाही." म्हणूनच हा लेख.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट केली पाहिजे. सगळे मेस्त्री लबाड नसतात. आयटीआयचा दोन वर्षांचा मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम पूर्ण करून, किंवा लहानपणापासून उस्तादाच्या हाताखाली राबून, उन्हातान्हात, ऑइलमध्ये हात बुडवून काम करणारी मुले आपल्याच घरांतली आहेत. त्यांच्या मजुरीत घासाघीस करणे हाही अन्यायच आहे. लबाड गॅरेजमुळे ग्राहकाचे नुकसान होते, तसे प्रामाणिक मेस्त्रीचेही होते. कारण तो खरे सांगतो आणि गिऱ्हाईक त्यालाही चोरच समजते.

निर्णय त्याचा, नफाही त्याचा

या धंद्यात फसवणूक सोपी का असते, याचे कारण समजून घेऊ. काय बिघडले हे मेस्त्रीच ठरवितो, ते दुरुस्तही तोच करतो आणि पैसेही त्यालाच मिळतात. ग्राहकाला इंजिनच्या आतले दिसत नाही. म्हणजे निर्णय, काम आणि नफा या तिन्ही गोष्टी एकाच हातात, आणि पाहणारा डोळा कोणाचाच नाही.

मोठी पाटी असली म्हणजे हे होत नाही, असेही नव्हे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात १९९२ साली एक प्रकरण फार गाजले होते. सीअर्स या नामांकित कंपनीच्या मोटार दुरुस्ती केंद्रांविषयी तक्रारी वाढल्या, तेव्हा राज्याच्या वाहन दुरुस्ती खात्याने आपली माणसे साधे ग्राहक बनवून तेथे पाठविली. अशा ३८ भेटींपैकी ३४ वेळा गरज नसलेले काम ग्राहकाच्या माथी मारले गेल्याचे खात्याने जाहीर केले. चौकशीत कारण पुढे आले ते असे की, कर्मचाऱ्यांना विक्रीवर कमिशन होते आणि ठराविक माल खपविण्याचे उद्दिष्टही ठरवून दिलेले होते. या पगारपद्धतीमुळेच चुका होण्यासारखे वातावरण तयार झाले, हे कंपनीच्या प्रमुखांना जाहीरपणे मान्य करावे लागले.

विशेष म्हणजे त्या राज्यात १९७१ पासून वाहन दुरुस्तीचा स्वतंत्र कायदा आहे. काम सुरू करण्यापूर्वी लेखी अंदाजपत्रक द्यायचे, जादा कामाला ग्राहकाची संमती घ्यायची आणि ग्राहकाने मागितल्यास जुने भाग परत करायचे, असे त्यात बंधन आहे. आपल्याकडे गॅरेजसाठी असा वेगळा कायदा नाही. पण या तीन गोष्टी मागायला कायदा कशाला हवा? लबाड माणूस कोण हे ओळखत बसण्यापेक्षा लबाडीची वाट बंद करणे जास्त सोपे असते.

फसवणुकीच्या ओळखीच्या तऱ्हा

थोडी माहिती असली की मेस्त्रीचा बोलण्याचा सूरच बदलतो. त्यासाठी इंजिनिअर व्हावे लागत नाही. नेहमीच्या काही तऱ्हा येथे देतो.

इंजिन ऑइल : १०० ते १२५ सीसीच्या मोटारसायकलीला साधारण पाऊण ते एक लिटर ऑइल लागते. नेमके माप गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत दिलेले असते. ज्या गाडीला पाऊण लिटर लागते तिला एक लिटरचे पैसे लावायचे आणि उरलेले ऑइल ठेवून घ्यायचे, ही जुनी खोड आहे. सुटे ऑइल कधीही घेऊ नये. सीलबंद डबा समोर फोडायला लावावा, उरलेले ऑइल घरी न्यावे आणि रिकामा डबा भोक पाडून टाकावा, म्हणजे त्यात पुन्हा बनावट ऑइल भरले जाणार नाही.

क्लच आणि ब्रेक : क्लच घसरतो म्हटले की लगेच क्लच प्लेट बदलायला सांगतात. पुष्कळदा केबलचा ताण नीट नसतो एवढेच कारण असते. क्लचच्या दांडीला सुरुवातीला थोडी ढिलाई असावी लागते, ती अनेक मोटारसायकलींत १० ते २० मिलिमीटर असते. ती बसवून घेतल्यावरही क्लच घसरत असेल तर मग प्लेट पाहावी. ब्रेकचेही तसेच. ड्रममध्ये धूळ साचली तरी आवाज येतो. बऱ्याच गाड्यांना मागच्या ब्रेकजवळ झीज दाखविणारी बाणाची खूण असते. बाण खुणेपर्यंत गेला असेल तर मात्र ब्रेक-शू बदलायला एक दिवसही उशीर करू नये. पैसे वाचविण्याची जागा ब्रेक नव्हे.

बॅटरी : गाडी सकाळी सुरू झाली नाही की "बॅटरी गेली" हे ठरलेले उत्तर. आधी बॅटरीची टोके पांढरी पडली आहेत का, वायर ढिली आहे का ते पाहावे. मग मीटर लावायला सांगावे. पूर्ण चार्ज झालेली नेहमीची १२ व्होल्टची बॅटरी गाडी बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास दाखविते. इंजिन चालू केल्यावर आकडा साधारण साडेतेरा ते साडेचौदापर्यंत चढायला हवा. तो चढलाच नाही तर दोष चार्जिंगच्या यंत्रणेत असू शकतो आणि नवी बॅटरीही चार दिवसांत झोपते. बॅटरीवर वॉरंटी असते, तिचे कार्ड जपून ठेवावे. जुन्या बॅटरीलाही मोल असते, ते बिलातून वजा झाले पाहिजे.

न झालेल्या कामाचे पैसे : एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले आणि त्यानंतरच्या बहुतेक दुचाकींत कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आले. तरी अशा गाडीच्या बिलात "कार्बोरेटर सफाई" लिहिलेले आम्ही आमच्या डोळ्यांनी वाचले आहे. जो भाग गाडीत नाही त्याची सफाई कशी झाली, एवढे विचारताच ती रक्कम निमूटपणे कमी झाली.

जुना माल नवा म्हणून : गाडीतला चांगला भाग काढून दुसऱ्याचा झिजलेला भाग बसविणे, किंवा जुनाच भाग घासूनपुसून नव्याचे पैसे लावणे, ही सर्वांत वाईट तऱ्हा. त्यावर उपाय साधा आहे. गाडी देण्यापूर्वी बॅटरी, टायर, कार्बोरेटर यांचे मोबाइलवर फोटो काढावेत. शक्य तेथे रंगाचा बारीक ठिपका द्यावा.

"इंजिन काढावे लागेल" : हे वाक्य ऐकले की गरीब माणसाच्या पोटात गोळा येतो. आमच्या वसाहतीतील एका रिक्षाचालक बंधूला असेच सांगण्यात आले. रिक्षा चढावर ओढत नव्हती. "हाफ इंजिन करावे लागेल, अठरा हजार धरून चाला," असे मेस्त्री म्हणाला. घरात पत्नीचे कानातले गहाण ठेवण्याची बोलणी सुरू झाली. आम्ही एवढेच सुचविले की दादा, इतका मोठा खर्च करण्यापूर्वी गाडी दुसऱ्या जाणकाराला दाखवा, आणि पहिला काय म्हणाला ते त्याला सांगू नका. दुसऱ्या मेस्त्रीने आधी एअर फिल्टर उघडला. तो धुळीने गच्च भरलेला होता. प्लगही संपलेला होता. त्या दोन वस्तू बदलल्या आणि रिक्षा त्याच संध्याकाळी स्टँडवर उभी राहिली. कानातले घरातच राहिले.

याचा अर्थ इंजिनचे काम कधी निघतच नाही असा नव्हे. सायलेन्सरमधून सतत निळसर धूर येत असेल आणि ऑइल वारंवार कमी होत असेल, तर पिस्टन-रिंगची झीज संभवते. परंतु तसे सांगणाऱ्याने आधी कॉम्प्रेशन तपासून दाखवावे. पुरावा न दाखविता इंजिन उघडू देऊ नये, कारण एकदा गाडी खोलली की आपण त्या गॅरेजचे बांधील होतो.

विम्याचे आमिष : "विम्यातून करून देतो, तुम्ही फक्त सही करा" असे कोणी म्हणाले तर कोऱ्या फॉर्मवर सही करू नये. वर्षभर दावा केला नाही तर गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात पुढील वर्षी २० टक्के सूट मिळते आणि ती वाढत वाढत ५० टक्क्यांपर्यंत जाते. किरकोळ ओरखड्यासाठी दावा केला की ही सूट जाते. शिवाय खोटे नुकसान दाखविलेल्या कागदावर सही आपली असते, गॅरेजवाल्याची नव्हे.

गाडी देताना

चार ओळींची चिठ्ठी पुरते. मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये जॉब कार्ड असते, पण लहान गॅरेजमध्ये आपणच दोन प्रती लिहाव्यात आणि एकीवर मेस्त्रीची सही घ्यावी. मजकूर असा :

"गाडी क्रमांक अमुक. किलोमीटर अमुक. पेट्रोल अर्धी टाकी. तक्रार : पुढचा ब्रेक कमी लागतो, सकाळी लवकर सुरू होत नाही. अंदाजे खर्च रुपये अमुक. जास्त काम निघाल्यास आधी विचारावे. बदललेले सर्व भाग परत द्यावेत. गाडी अमुक तारखेला मिळेल."

यात किलोमीटर का लिहायचे? आपली गाडी घेऊन गॅरेजची पोरे फिरायला गेली तर आकडा बोलतो. तक्रार लिहिताना मात्र लक्षण लिहावे, निदान लिहू नये. "प्लग बदला" असे लिहिले आणि दोष दुसराच निघाला, तर मेस्त्री म्हणेल, तुम्ही सांगितले तेच केले. "सकाळी सुरू होत नाही" असे लिहिले तर ती सुरू करून देण्याची जबाबदारी त्याची राहते.

चिठ्ठी पुढे केली की काही मेस्त्रींना राग येतो. "एवढाही विश्वास नाही का?" असे विचारतात. त्यावर भांडू नये. "विश्वास आहे म्हणूनच तुमच्याकडे आलो, मेस्त्री. पण घरी हिशेब दाखवावा लागतो," असे हसून सांगावे. तरीही सही करायला तयार नसेल तर हाच मजकूर त्याला व्हॉट्सॲपवर पाठवावा आणि त्याच्याकडून निदान "ठीक आहे" एवढे उत्तर घ्यावे. तेही देत नसेल तर किल्ली परत घ्यावी. ज्याला कागदाची भीती वाटते, त्याची भीती आपण बाळगावी.

आमच्या भगिनींना येथे विशेष सांगावेसे वाटते. स्कूटर घेऊन एकटी बाई गॅरेजमध्ये गेली की "ताई, तुम्हाला कळणार नाही, साहेबांना पाठवा" असे ऐकावे लागते, आणि न कळणाऱ्याचे बिल फुगते. गाडी ज्या चालवितात त्यांनीच गाडीची पुस्तिका वाचावी. सर्व्हिस किती किलोमीटरला, ऑइल किती, टायरमध्ये हवा किती, हे सारे त्यात असते. ताईने पुस्तिका उघडून एक आकडा वाचून दाखविला की समोरचा माणूस सावध होतो. एका नोकरदार भगिनीने नुकतेच असे केले. बॅटरीचे बिल समोर आल्यावर तिने जुनी बॅटरी मागितली, त्यावरील तारीख पाहिली आणि वॉरंटी शिल्लक असल्याचे दाखवून दिले. बॅटरी बदलून मिळाली आणि बिलातला तो आकडा खोडला गेला.

गाडी परत घेताना

पैसे देण्यापूर्वी तीन गोष्टी कराव्यात. आधी गाडी चालवून पाहावी, ब्रेक दाबून पाहावा. मग जुने भाग आणि नव्या भागांची वेष्टने मागावीत. पाकीटबंद सुट्या भागावर उत्पादकाचे नाव, महिना-वर्ष आणि सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत छापणे बंधनकारक आहे. त्या किमतीपेक्षा जास्त पैसे घेता येत नाहीत. वेष्टन नाही म्हणजे माल कोठला आणि किमतीचा आकडा कोणाचा, हे कळायला मार्ग नाही.

तिसरी गोष्ट पक्के बिल. त्यात प्रत्येक भागाचे नाव व किंमत वेगळी आणि मजुरी वेगळी लिहिलेली हवी. "इतर खर्च" किंवा "कन्झ्युमेबल्स" असा मोघम आकडा असेल तर त्यात काय काय आले ते विचारावे. "बिल हवे तर जीएसटी लागेल" ही नेहमीची धमकी असते. ज्याची जीएसटी नोंदणी आहे त्याने कर लावून बिल दिलेच पाहिजे आणि त्यावर १५ अक्षर-अंकांचा नोंदणी क्रमांक हवा. ज्याची नोंदणी नाही त्याला जीएसटी घेताच येत नाही, पण साधे सहीचे बिल तो देऊ शकतो. म्हणजे दोन्ही बाजूंनी बिल आपला हक्कच आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार वस्तू वा सेवेचे बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. जुना किंवा दुरुस्त केलेला माल नवा म्हणून देणे हीदेखील अनुचित प्रथाच आहे. ग्राहकापासून आवश्यक माहिती जाणूनबुजून लपविणे याला कायदा सेवेतील त्रुटी मानतो.

वॉरंटीच्या नावाने भीती घालणाऱ्यांविषयीही दोन शब्द. "बाहेर हात लावला तर वॉरंटी संपेल" असे सरसकट सांगितले जाते. वॉरंटीत काय येते ते तोंडी ऐकू नये, छापील अटी वाचाव्यात. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. सुटे भाग आणि दोष शोधण्याची साधने स्वतंत्र गॅरेजना मिळू न देणे हे त्यातील मुख्य कारण होते. कंपन्या त्या आदेशाविरुद्ध अपिलात गेल्या. पण ग्राहकाला दुरुस्तीची निवड असली पाहिजे, ही गोष्ट त्या आदेशाने ठळकपणे पुढे आणली.

गाडी अडवून ठेवली तर

बिलावरून वाद झाला की गॅरेजवाला गाडी देत नाही. येथे आपला हक्क आणि त्याचा हक्क दोन्ही माहीत हवेत. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम १७० नुसार, ज्या वस्तूवर कारागिराने आपले श्रम व कौशल्य खर्च केले, ती वस्तू त्याची योग्य मजुरी मिळेपर्यंत ताब्यात ठेवण्याचा त्याला हक्क आहे. म्हणून दमदाटी करून गाडी ओढून आणू नये. परंतु हा हक्क ठरलेल्या व झालेल्या कामाच्या मोबदल्यापुरता आहे, न विचारता वाढविलेल्या आकड्यासाठी नव्हे. तसेच कलम १५१ नुसार ताब्यातील गाडी स्वतःच्या वस्तूसारखी सांभाळणे हे त्याचे कर्तव्य आहे. "गाडी मालकाच्या जबाबदारीवर" असा फलक लावला म्हणजे निष्काळजीपणा माफ होत नाही.

रोजगार बुडत असेल तर व्यवहारी मार्ग असा : पैसे भरावेत, पण बिलावर "अमुक रकमेबाबत हरकत राखून रक्कम भरली" असे लिहून सही करावी. पैसे रोख न देता बँकेतून वा मोबाइलवरून द्यावेत, म्हणजे नोंद राहते. गाडी सुटते आणि तक्रारीची वाटही मोकळी राहते. गाडीतील भागच चोरले असतील तर मात्र प्रकरण वेगळे होते. भारतीय न्याय संहितेत, जी १ जुलै २०२४ पासून लागू आहे, विश्वासघाताला कलम ३१६ आणि फसवणुकीला कलम ३१८ आहे. अशा वेळी पोलिसांत लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी.

तक्रारीची पायरी

पहिली पायरी गॅरेजचा मालक. पुष्कळदा लबाडी खालच्या माणसाची असते आणि मालक कागद पाहून ऐकतो. कंपनीचे सर्व्हिस सेंटर असेल तर कंपनीच्या ग्राहक विभागालाही लिहावे.

दुसरी पायरी दुसऱ्या जाणकाराचे लेखी मत. अमुक भाग बदललेला नाही किंवा अमुक काम सदोष आहे, असे दुसऱ्या मेस्त्रीने वा विमा सर्व्हेअरने सहीनिशी लिहून दिले तर तक्रारीला बळ येते. ते मिळेपर्यंत गाडी पुन्हा उघडू नये.

तिसरी पायरी पत्र. काय झाले ते तारीखवार एका पानात लिहावे, किती रुपये परत हवेत ते सांगावे आणि पंधरा दिवसांची मुदत द्यावी. शिव्या, धमक्या, भावना यांना पत्रात जागा नाही. ते स्पीड पोस्टाने पाठवावे आणि पोस्टाची पावती जपावी. आमचा अनुभव असा की निम्मी भांडणे येथेच मिटतात.

चौथी पायरी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक १९१५. तेथे मराठीतूनही बोलता येते. ही यंत्रणा समोरच्याला कळवून तडजोड घडविण्याचा प्रयत्न करते. तिला हुकूम काढण्याचा अधिकार नाही, हे लक्षात ठेवावे.

शेवटची पायरी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग, म्हणजे पूर्वीचा ग्राहक मंच. वस्तू वा सेवेसाठी दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार येथे चालते आणि ५ लाखांपर्यंत फी लागत नाही. घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल करावी लागते. नव्या कायद्याने एक मोठी सोय केली आहे. गॅरेज कोठेही असो, आपण जेथे राहतो किंवा नोकरी करतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. वकील न लावता स्वतः बाजू मांडता येते. कायद्यात साधारण तीन महिन्यांत, आणि वस्तूची तपासणी लागली तर पाच महिन्यांत, निकालाची अपेक्षा आहे. प्रत्यक्षात वेळ जास्त लागतो. म्हणून तीनशे रुपयांसाठी पत्राच्या पायरीवर थांबावे, तीस हजारांसाठी मात्र शेवटपर्यंत जावे.

रिक्षाचालक बंधू विचारतात, "आम्ही तर धंदा करतो, आम्हाला ग्राहक म्हणतील का?" केवळ स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वयंरोजगार म्हणून, स्वतः वापरलेली वस्तू हा व्यापारी वापर धरला जात नाही, असे कायद्याचे स्पष्टीकरण आहे. सर्वोच्च न्यायालयानेही १९९५ साली लक्ष्मी इंजिनिअरिंग प्रकरणात हा फरक उलगडून सांगितला आहे. आपली रिक्षा आपण स्वतः चालवीत असाल तर दार बंद नाही. चार रिक्षा घेऊन चालक ठेवले असतील तर गोष्ट वेगळी.

एकट्याने नव्हे, वस्तीने

एकटा ग्राहक गॅरेजवाल्याला जड जात नाही. तो गेला तर दुसरा येतो. परंतु वस्तीतील पन्नास गाड्यांनी एकत्र ठरविले तर हिशेब बदलतो. मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थेने १९७५ पासून ग्राहकांना एकत्र आणून हेच काम केले आहे. तिच्याएवढा व्याप आपल्याला नको. मित्रमंडळ, महिला मंडळ किंवा रिक्षा स्टँड यांनी एक साधी शंभर पानी वही ठेवावी. कोणत्या गॅरेजला कोणते काम केले, मजुरी किती घेतली, बिल दिले का, जुना माल परत केला का, काम टिकले का, एवढे पाच रकाने. आरोप लिहू नयेत, फक्त घडले ते आणि दिले ते आकडे लिहावेत. सहा महिन्यांत वहीच सांगेल की कोठे जावे.

या वहीचा खरा लाभ प्रामाणिक मेस्त्रीला होईल. ज्या मुलाने खरे सांगून शंभर रुपयांत काम भागविले, त्याच्याकडे पन्नास गाड्या जातील. त्याला बिलबुक छापून घ्यायला सांगा. मजुरीचा दरफलक भिंतीवर लावायला सांगा. आणि त्याने मागितलेली रास्त मजुरी घासाघीस न करता, वेळेवर द्या. आपण उधारी ठेवायची आणि त्याने मात्र प्रामाणिक राहायचे, हा न्याय नव्हे.

पुढच्या वेळी गाडी गॅरेजला न्याल तेव्हा वरची चार ओळींची चिठ्ठी खिशात असू द्या. ती कापून गाडीच्या कागदपत्रांसोबत ठेवली तरी चालेल. घाम गाळून मिळविलेला रुपया खर्च करायला आमची ना नाही. पण तो कोठे गेला हे सांगणारा कागद मात्र घरी आलाच पाहिजे.